जाडी नको, वाक मोज

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार महिने राबून गिटार केलीस, तारा चढवल्या आणि आवाज डब्यात कोंडल्यासारखा आला. खाली विचारलंस, मागची फळी शिसवीऐवजी महोगनीची घ्यायला हवी होती का? तिथे मी पत्र खाली ठेवलं. दोष शोधायचा तर सुरुवात मागच्या फळीपासून कशाला? स्पेनचा गिटार-कारागीर आंतोनिओ दे तोरेस याने १८६२ साली पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या केल्या होत्या, आवाज वरच्या फळीतून येतो हे दाखवायला. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

वरच्या फळीची जाडी मात्र तू अगदी नीट लिहिलीस. सगळीकडे २.८ मिलिमीटर, ज्या नकाशावरून गिटार केलीस त्यात होती तेवढीच. हात चांगला आहे तुझा, हे मी पूर्वीही म्हटलंय. पण फळी वाकत किती होती? त्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. जाडी नको मोजू, वाक मोज.

नकाशा काढणाऱ्याच्या हातात त्याची फळी होती. स्प्रूसच्या दोन फळ्या एकाच जाडीच्या घे, एक पत्र्यासारखी ताठ निघेल, दुसरी हातात लवेल. त्याचा आकडा तू तुझ्या लाकडावर लादलास. त्यात ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ३ मिलिमीटरची फळी २.७ वर आणलीस तर जाडी दहा टक्केच उतरते, ताठपणा मात्र सत्तावीस टक्के जातो. रंध्याच्या शेवटच्या चार हातांत सगळं ठरतं, आणि नेमकं तेव्हाच तुझं लक्ष कॅलिपरवर!

फळी सुटी असताना दोन्ही टोकांखाली पट्ट्या ठेव, मधोमध वजन ठेव, दर वेळी तेच. किती झुकली ते डायल गेजवर बघून वहीत लिही. एकदा रेषांच्या दिशेने, एकदा आडवी. मग टोकापासून साधारण पाव लांबीवर दोन बोटांत सैल धर आणि मध्ये बोटाच्या पेराने ठोक. सुरुवातीला आवाज आखूड आणि कोरडा येईल. लाकूड उतरत जाईल तसा तो खाली येतो, लांबतो, आणि एका क्षणी बोटांतसुद्धा थरथर जाणवते. तिथे थांब. ब्रेसचं, म्हणजे फळीला आतून चिकटवलेल्या लाकडी पट्टीचंही तेच. रुंदी अर्धी केलीस तर तिचा ताठपणा अर्धा उरतो, उंची अर्धी केलीस तर आठवा हिस्सा. पटाशी वरून चालवताना हे डोक्यात असू दे.

हे मला उशिरा कळलं. पहिली नऊ वर्षं मी जाड फळ्याच लावल्या. स्टीलच्या तारांचा ओढा सत्तर किलोच्या घरात, फळीवरचा तारा धरणारा ब्रिज उखडेल, फळीचं पोट फुगेल ही धास्ती. एकही गिटार दुरुस्तीला परत आली नाही याचा केवढा अभिमान होता! मग एका घरी माझी गिटार भिंतीवर दिसली. काढून घेतली तर तारा गंजलेल्या, मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, फ्रेटवर, ओरखडासुद्धा नाही. कुणी वाजवतच नव्हतं. ते वाद्य हातात घेऊन मी उभा राहिलो, ते अजून आठवतं.

त्यानंतर एका व्यापाऱ्याने एकाच जाडीच्या वीस गिटार मागितल्या, मी नाही म्हटलं. घरचे चिडले, हट्टी म्हणाले. पुढची दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या वाद्यांचे फ्रेट बदलून घर चालवलं. आजही कुणी विचारलं तर नाहीच म्हणेन. वीस फळ्या वीस तऱ्हेने वाकतात, त्यांना एक आकडा कुठून देऊ?

पॉलिश अजून केलं नाहीस हे बरं झालं. गिटार फोडू नकोस. खालच्या रुंद भागाची फळी कडेकडेने खरवड, अगदी थोडी, तारा लावलेल्या ठेवून. दर वेळी वाजव, एक रात्र जाऊ दे, मग पुन्हा हात लाव. आणि पुढची फळी घेशील तेव्हा तिचा वाक मला लिहून पाठव. जाडी कळवू नकोस, मी वाचणार नाही.