‘ताकदीची सुई’ म्हणू नका

साकोलीकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : मोठ्या आईला गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, नागपूरच्या डॉक्टरांनी शेकासोबत (म्हणजे रेडिएशनसोबत) इम्युनोथेरपी सांगितली, गावात तिला ‘ताकदीची सुई’ म्हणतात, हे बरोबर का?

साफ चूक. ताकदीची सुई म्हणजे आपल्याकडे अशक्तपणावर टोचतात ती व्हिटॅमिनची. हा गोंधळ मी इतक्यांदा ऐकला आहे की आता राग येतो. ‘शेक’ मात्र राहू द्या. तिथे ‘प्रारणोपचार’च हवा असं म्हणणाऱ्या कोशवाल्यांशी माझं जमत नाही, पेशंटच्या घरात तो शब्द कुणालाच कळत नाही. या शेकात ऊब नसते, किरण पेशींचा डीएनए तोडतात, एवढं समजावलं की झालं.

खरी गोडी ‘इम्युन’मध्ये आहे. लॅटिन ‘मुनुस’ म्हणजे लोकांप्रती असलेलं कर्तव्य, भार; म्युनिसिपालिटी त्याच कुळातली. ‘इम्युनिस’ म्हणजे त्या भारातून, करातून सुटलेला. मालगुजारीच्या, म्हणजे गावचा जमीनसारा मालगुजार गोळा करत त्या काळात भंडारा-गोंदियाकडे याला नेमका शब्द होता : माफी. ज्याच्या जमिनीला सारा नाही तो माफीदार. रोगातून सूट मिळालेला तो इम्युन, हा वैद्यकातला अर्थ फार नंतरचा.

आणि माझं ठाम मत असं की इथे माफी मिळालेली असते ती कॅन्सरलाच. अनेक कॅन्सरपेशी अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन बाळगतात. ते भेटलं की शरीराच्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, थबकतात. पेम्ब्रोलिझुमॅबसारखं इम्युनोथेरपीचं औषध ही माफी रद्द करतं. शेकानं मोडलेल्या पेशींतले घटक बाहेर पडतात आणि चाल कुणावर करायची ते टी-पेशींना कळतं, म्हणून दोन्हींची जोडी. गर्भाशयमुखाच्या बळावलेल्या कॅन्सरसाठी केमो, शेक आणि पेम्ब्रोलिझुमॅब एकत्र द्यायला अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

‘प्रतिकारशक्तिवर्धक उपचार’ सुचवणाऱ्या विद्वानांनी हे नीट वाचावं. ‘वर्धक’ म्हटलं की च्यवनप्राश डोळ्यांपुढे येतो. इथे शक्ती वाढवायची नसते, अडवलेली मोकळी करायची असते. आणि मोकळी झालेली ती कधी आतड्यावर, फुप्फुसावर, थायरॉइडवरही उलटते. म्हणून मोठ्या आईला जुलाब लागले किंवा धाप लागली, तर गावच्या डॉक्टरांना ‘ताकदीची सुई सुरू आहे’ असं सांगू नका. इम्युनोथेरपी म्हणा, औषधाचं नाव सांगा, आणि त्याच दिवशी नागपूरला फोन करा.