ट्रेल आणि ऑफ-ट्रेल दोन्ही चालवतो, स्नोमोबाईलला नवीन ट्रॅक कोणता टाकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की स्लेडचा, म्हणजे स्नोमोबाईलचा, १३७ इंची, १.२५ इंच लगचा ट्रॅक (ट्रॅक म्हणजे खालचा फिरणारा रबरी पट्टा, लग म्हणजे त्यावरची बाहेर आलेली रबरी पाती) संपत आलाय, काही लग मुळापासून तुटलेत, निम्म्याहून जास्त वेळ ट्रेलवर चालवता आणि बाकीचा झाडीत नाहीतर मोकळ्या माळावर न तुडवलेल्या बर्फात, आणि आता बदलायचाच आहे तर एकदम २.२५ इंच लगचा घेऊन टाकू का. माझं मत सरळ सांगतो, नका घेऊ. १.५ ते १.६ इंच लग घ्या, लांबी आहे तीच ठेवा, आणि ऑर्डर द्यायच्या आधी पिच मोजा, ते काय ते खाली सांगतो.

हे ऐकीव नाहीये, मी नेमकी हीच अदलाबदल करून बघितलीय. माझ्या स्लेडलाही १.२५ चाच होता, ताज्या बर्फात ती दोनदा अशी रुतली की फावड्याने उकरून काढावी लागली, आणि तिथेच ठरवलं की आता मोठे लग. २.२५ चा टाकला. पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा जीव हरखला, जिथे आधी मागचा भाग खाली बसायचा तिथे थ्रॉटल दाबला की स्लेड अलगद वर यायची. पण असे दिवस सीझनमध्ये मोजकेच हो. बाकी सगळं ट्रेलवर, आणि ट्रेल म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेला बर्फ, दुपारी जरा वितळला आणि रात्री गोठला की सकाळी फरशीसारखा टणक. त्यावर उंच लग आत घुसत नाही, तो दुमडतो, सुटतो, परत दुमडतो. हिशोब करून बघा, १३७ इंच म्हणजे साधारण ३.४८ मीटर, ताशी ६० किमीने जाताना ट्रॅक मिनिटाला २८० पेक्षा जास्त फेरे मारतो, म्हणजे प्रत्येक लग मिनिटाला तितक्या वेळा वाकतो. आणि ते वाकणं सगळं मुळाशी.

सीझनच्या शेवटी मी स्लेडचा मागचा भाग उचलून धरला आणि हाताने ट्रॅक फिरवत एकेक लग अंगठ्याने मागे दाबून बघितला. वरून सगळं ठीक दिसत होतं. पण लग मागे वाकवला की जिथे तो पट्ट्याला जोडलेला असतो तिथे केसासारख्या बारीक भेगा उघडायच्या, काही लगच्या टोकांचे तर दाणे दाणे उडालेले. त्यात ट्रेलवर वेग वाढवला की पायाखाली थरथर, आणि वळणावर मागचा भाग जरासा लोळल्यासारखा वाटायचा, कारण उंच लग बाजूलाही वाकतात. तुम्हीही जुना ट्रॅक टाकून द्यायच्या आधी हे अंगठ्याने दाबून बघाच. तुमचे १.२५ चे लगसुद्धा मुळापासून गेलेत म्हणजे बहुतेक कडक ट्रेल, दगड, उघड्या पडलेल्या जागा यांनी ते मारलेत. मग त्याच रस्त्यावर आणखी उंच लग घालून काय होणार ते तुम्हीच बघा.

लगची उंची निवडायची ती कशावर जास्त तास जातात त्यावर, सगळ्यात भारी दिवस कसा होता त्यावर नाही. फक्त ट्रेल असेल तर १ ते १.२५ पुरेसा. तुमच्यासारखं मिश्र असेल तर १.५, १.६. ट्रेल म्हणजे फक्त डोंगरापर्यंत पोचायचा रस्ता आणि खरा दिवस खोल बर्फातच जात असेल तर १.७५ ते २. त्याच्या वरचे २.५, ३ वगैरे हे डोंगरातल्या खोल भुसभुशीत बर्फाचे ट्रॅक, ते १५४ आणि त्याहून जास्त लांबीलाच शोभतात.

उंचीइतकंच रबर आणि आकार बघा, याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. डोंगरी ट्रॅकचं रबर साधारणपणे मऊ आणि पट्टा पातळ, बऱ्याचदा एकाच थराचा, वजन वाचावं म्हणून, तो कडक ट्रेलवर लवकर झिजतो आणि स्टड (बर्फात रुतणारे धातूचे खिळे) धरायला तर चांगला नाहीच. तुम्हाला जरा कडक रबर आणि दोन थरांचा पट्टा हवा. आकारात म्हणाल तर सरळ एकसंध वल्ह्यासारखे लग सरळ रेषेत छान ढकलतात पण कडक पृष्ठभागावर धक्के देतात, आणि तुटक तुटक, मागेपुढे मांडलेले, थोडे वाटीसारखे लग असतील तर एक टेकलेला असतानाच दुसरा टेकतो, चाल गुळगुळीत राहते आणि सैल बर्फही त्या वाटीत धरला जातो. मिश्र वापरासाठी मला हाच प्रकार पटलाय. कॅम्सोचा कोब्रा १.६ आणि बॅककंट्री १.७५ हे याच मधल्या गटातले, मी तुमच्या जागी असतो तर कोब्रा १.६ पासून बघायला सुरुवात केली असती. जुन्या ट्रॅकवर कॅमोप्लास्ट असं नाव उठवलेलं दिसलं तर गोंधळू नका, ती हीच कंपनी, नाव बदललं आणि २०१८ मध्ये मिशलिनने विकत घेतली.

आता पिच, इथे चुकलात तर पैसे पाण्यात. पिच म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा, म्हणजे ड्रायव्हरचा, एक दात ट्रॅकला जिथे धरतो तिथून पुढचा दात धरतो तिथपर्यंतचं अंतर. स्लेडमध्ये २.५२ आणि २.८६ इंच हे दोन खूप दिसतात, डोंगरी मॉडेलमध्ये ३ आणि ३.५ पण असतात. लोकांना वाटतं १३६ आणि १३७ मध्ये एका इंचाचा तर फरक, चालून जाईल. नाही चालत. ५४ गुणिले २.५२ म्हणजे १३६, आणि ४८ गुणिले २.८६ म्हणजे १३७, तो एक इंच म्हणजे खरं तर वेगळा पिच आहे आणि तुमचे ड्रायव्हर त्यात बसणारच नाहीत. मोजताना एकच अंतर मोजू नका, टेपने १० घरं, म्हणजे अशी १० अंतरं, एकदम मोजा, २५.२ आलं की २.५२, २८.६ आलं की २.८६. आणि बाहेरचे लग धरून नको, आतल्या बाजूने मोजा, कारण बाहेरच्या लगच्या ओळी प्रत्येक घरावर असतीलच असं नाही. ड्रायव्हर आतल्या रबरी उंचवट्यांना ढकलणारा आहे का खिडक्यांमधून, म्हणजे ट्रॅकमधल्या भोकांमधून, दात घालणारा आहे तेही बघून ठेवा, आणि धातूच्या क्लिपा प्रत्येक खिडकीला आहेत का काही खिडक्या सोडून आहेत तेही. त्यापेक्षा या तिन्ही गोष्टींचा फोटोच काढून ठेवा ना, ऑर्डर देताना कामाला येतो.

लग उंच केला की दुसरा प्रश्न जागेचा. ड्रायव्हरच्या वर आणि पुढे टनेलमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या धातूच्या खोळीत, हीट एक्सचेंजर (इंजिन थंड ठेवणारा भाग) असतो, जुन्या लगच्या टोकापासून तिथपर्यंत किती जागा आहे ते मोजा आणि त्यातून वाढलेली उंची वजा करा. १.२५ वरून १.६ म्हणजे ०.३५ इंच गेले. वेगात पट्टा बाहेरच्या बाजूला फुगतो हे लक्षात ठेवून मी अर्ध्या इंचापेक्षा कमी जागा कधी ठेवत नाही. जागा पुरत नसेल तर काहीजण २.८६ पिचचा ८ दाती ड्रायव्हर काढून ७ दाती टाकतात, त्याने त्रिज्या साधारण ०.४५ इंच कमी होते. पण मग एका फेऱ्यात ट्रॅक २२.८८ च्या जागी २०.०२ इंचच सरकतो, गिअरिंग खाली येतं, आणि ते भरून काढायला चेनकेसमधले (ड्रायव्हरकडे ताकद नेणाऱ्या साखळीच्या डब्यातले) स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्रं, बदलावे लागतात. १.६ साठी एवढा खटाटोप सहसा लागत नाही, २.२५ साठी बऱ्याच ट्रेल स्लेडला लागतो. हेही त्याच्या विरोधातलं एक कारण.

लांबीबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण कोणीतरी सांगेलच की १४६ करा. लांबी वाढवली की खोल बर्फात फायदा होतो हे खरं, जमिनीला टेकणारा भाग वाढतो, पण जितके इंच वाढवले त्याच्या निम्मेच खाली येतात, बाकीचे निम्मे वरून फिरतात. ९ इंच वाढवून खाली साडेचार. त्यासाठी रेल (ट्रॅक ज्यांच्याखालून सरकतो त्या आतल्या दोन लांब दांड्या) वाढवा, सस्पेन्शनचा तोल परत बसवा, आणि ट्रेलवरच्या वळणात स्लेड आणखी सरळ जायला बघणार. १३७ मिश्र वापराला छान लांबी आहे, राहू दे. १२१ वाल्याने विचारलं असतं तर माझं उत्तर वेगळं असतं.

स्टडचं तुमच्या ट्रेलवर अवलंबून. गोठलेली तळी, बर्फाळ वळणं रोजची असतील तर ब्रेक लावताना आणि वळताना स्टडने फार फरक पडतो, जिवाचा प्रश्न आहे, तिथे कंजूषी नको. स्टडचं टोक लगच्या वर साधारण ३/८ इंच निघावं असा हिशोब असतो, म्हणून लग जितका उंच तितका स्टड लांब, आणि लांब स्टड वाकतो, पट्ट्यातून उपटला जातो. म्हणून १.५ च्या पुढे मी पट्ट्यात स्टड लावत नाही. त्यापेक्षा लगच्या टोकातच बारीक स्टड बसवून येणारे ट्रॅक मला मिश्र वापराला जास्त आवडतात, कॅम्सोचे आइस रिपर एक्सटी आणि आइस कोब्रा हे त्यातले. मात्र टनेलमध्ये संरक्षक पट्ट्या आहेत का ते आधी बघा, आणि तुमच्या ट्रेलवर स्टडला परवानगी आहे का तेही, काही ठिकाणी डांबरी भागावर मनाई असते.

एक अजून, कडक ट्रेलवर रेलखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, ज्यांना हायफॅक्स म्हणतात, त्या उडणाऱ्या बर्फानेच थंड आणि ओल्या राहतात. बर्फ उडाला नाही की त्या तापून क्लिपांवर वितळतात, तो जळका वास एकदा घेतलात की विसरणार नाही. एक्सचेंजरलाही तोच बर्फ लागतो, नाहीतर इंजिन तापतं. म्हणून ट्रॅक कुठलाही घ्या, रेलला स्क्रॅचर (ट्रेल खरवडून बर्फ उडवणारे तुकडे) लावून घ्या, स्वस्तातलं काम आहे आणि रिव्हर्समध्ये मोडणार नाहीत असे लवचिक प्रकारही मिळतात.

बदलताना स्किड (रेल आणि सस्पेन्शनचा सांगाडा), चेनकेस, ड्राइव्हशाफ्ट (ज्यावर ड्रायव्हर बसतात तो दांडा) सगळं निघतंच, तर बेअरिंग, सील, हायफॅक्स आणि ड्रायव्हरचे दात तेव्हाच बघून घ्या, झिजलेल्या ड्रायव्हरवर नवीन ट्रॅक चढवू नका. ट्रॅकवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो तो बघून बसवा. मग मागचा भाग उचलून ट्रॅक सावकाश फिरवा, मागून बघा, क्लिप आणि रेल यातली फट डावी-उजवी सारखी हवी. ताण तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या वजनाने आणि झोळाने लावा, अंदाजाने नको, फार घट्ट केला तर बेअरिंग आणि हायफॅक्स खातो, सैल राहिला तर ड्रायव्हरवरून उड्या मारतो. पहिल्या एक-दोन राईड जरा सांभाळून चालवा आणि घरी आल्यावर ताण आणि फट दोन्ही परत तपासा, कारण नवीन ट्रॅक सुरुवातीला ताणला जातोच.