सभागृहाबाहेरचा कोरिया

मागच्या अंकात दक्षिण कोरियातल्या ग्योंगजू या जुन्या गावाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि परिषदेसाठी कोरियाला निघालेल्या बऱ्याच वाचकांची पत्रं आली. मी भूशास्त्र शिकवते. परिषदांच्या निमित्ताने चार वेळा तिकडे जाणं झालं, आणि दर वेळी प्रश्न एकच असायचा: हाताशी एक-दीड दिवस आहे, त्यात काय बघायचं? म्हणून या वेळचं सगळं सदर कोरियालाच देते.

ताई, सोलला कोएक्स या परिषद केंद्रात आमची तीन दिवसांची परिषद आहे. शेवटच्या दुपारी आयोजकांची सहल आहे: दोन राजवाडे, जुन्या घरांचं गाव, बाजार आणि टॉवर. शिवाय परतीच्या विमानाआधी एक मंगळवार मोकळा आहे. सहलीला जावं का? – एक डॉक्टर

नका जाऊ. एका दुपारीत पाच ठिकाणं म्हणजे पाच वेळा बसमध्ये चढणं-उतरणं आणि माणसं मोजणं. अशी सहल मी केली आहे. परत आल्यावर कुठला फोटो कुठल्या राजवाड्याचा तेही सांगता येईना.

आता तुमचा मंगळवार. ग्योंगबोककुंग हा सोलचा सगळ्यात मोठा राजवाडा मंगळवारी बंद असतो. पहिल्या खेपेला मी मंगळवारीच त्याच्या दाराशी जाऊन उभी राहिले होते. बरोबर आणखी चौघं होती, बाहेर कडाक्याची थंडी. तेव्हापासून वार बघितल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही. छांगदोककुंग मात्र सोमवारी बंद असतो आणि मंगळवारी उघडा. तुम्ही तिकडेच जा. वार कुठलाही असता तरी मी तुम्हाला तिकडेच पाठवलं असतं.

ग्योंगबोककुंग १३९५ सालचा. १५९२च्या जपानी स्वारीत जळला, नंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षं पडून होता, १८६७मध्ये पुन्हा उभा राहिला. छांगदोककुंग १४०५चा. तोही जळला, पण लवकर बांधला गेला आणि पुढे कित्येक पिढ्या राजे तिथेच राहिले. राहत्या घराची ऊब त्याला अजून आहे. ग्योंगबोककुंग सरळ रेषेत आखलेला आहे, तर छांगदोककुंगच्या इमारती डोंगराचा उतार जसा वळतो तशा वळतात. मागची बाग, हुवोन, हे त्याचं खरं वैभव. तिचं तिकीट वेगळं असतं, माणसं मोजकीच सोडतात, म्हणून बुकिंग आधी करा. बागेत एक चौकोनी तळं आहे आणि मधोमध गोल बेट. पृथ्वी चौकोनी, आकाश गोल, ही त्यांची जुनी कल्पना. काठच्या छोट्या मंडपाचे दोन दगडी पाय थेट पाण्यात उतरलेत, जणू कुणी पाय बुडवून बसलंय. कोएक्सजवळच्या सामसोंगहून दोन नंबरची मेट्रो घ्या, मग तीन नंबरची, आणि आनगुक स्टेशनला उतरा.

एक गोष्ट तुमच्या पत्रिकेत नसणार, पण चुकवू नका. कोएक्सच्या समोरच, रस्ता ओलांडला की बोंगउनसा मंदिर आहे, ७९४ साली स्थापलेलं. पहिलं सत्र सुरू व्हायच्या आधी जा. सगळे २३ मीटर उंच मैत्रेयाच्या मूर्तीचे फोटो काढत असतात. तुम्ही मागच्या बाजूला 'फानजोन' नावाची साधी लाकडी इमारत शोधा. आत बौद्ध सूत्रांचे, म्हणजे धर्मग्रंथांचे, छपाईसाठी कोरलेले लाकडी ठसे ठेवलेत. दारावरची पाटी किम जोंगहुई या थोर सुलेखनकाराच्या हातची, १८५६ची, आणि त्यानंतर तीनच दिवसांत तो गेला असं सांगतात. दोन मोठी, जाड, काहीशी वेडीवाकडी अक्षरं आहेत. शेजारी बारीक अक्षरात 'वय ७१, आजारपणात लिहिलं' अशा अर्थाची ओळ आहे. आयुष्यभर घोटलेला हात शेवटी लहान मुलासारखा मोकळा झालेला दिसतो. मी तिथे उभी राहिले आणि सकाळचं पहिलं व्याख्यान बुडालं.

परिषद ह्यांची आहे, बुसानच्या बेक्सको केंद्रामध्ये. मी बरोबर जातेय. चार दिवस हे सभागृहात आणि मी एकटी. 'सहचरांसाठी' एक ग्योंगजूची एकदिवसीय बस आहे. एकटीने जमेल का, की बसनेच जाऊ? – एक गृहिणी, वय ५८

जमेल, अगदी निर्धास्त जा. आणि ग्योंगजूला एक रात्र राहा, एवढं माझं ऐकाच.

ग्योंगजू ही प्राचीन सिल्ला राज्याची राजधानी, जवळजवळ हजार वर्षं. बुसानहून केटीएक्स या वेगवान गाडीने अर्ध्या तासात पोचता. स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून बस मिळते. गावात शिरलात की घरांच्या मधूनच हिरवळीने मढलेल्या टेकड्या वर आलेल्या दिसतात. त्या राजांच्या समाध्या. देरुंगवोन या बागेतली छोनमाछोंग नावाची समाधी १९७३मध्ये उकरली, तिच्यात आत जाता येतं.

जवळच छमसोंगदे आहे, राणी सोन्दोकच्या काळातली, म्हणजे सातव्या शतकातली वेधशाळा. बाटलीच्या आकाराचा नऊ मीटरचा मनोरा. २०१६च्या सप्टेंबरमध्ये ग्योंगजूला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला, दक्षिण कोरियात उपकरणांनी नोंदी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात मोठा. मनोरा थोडा कलला, पण उभा राहिला. माझ्यासारखीला तो बघताना हात जोडावेसे वाटतात.

संध्याकाळी वोलजी तळ्यावर जा. ते ६७४ साली राजवाड्याच्या आवारात खोदलेलं. १९७५मध्ये गाळ उपसायला घेतला तेव्हा हजारो वस्तू निघाल्या, त्यात चौदा बाजूंचा एक लाकडी फासा. प्रत्येक बाजूवर मेजवानीतल्या पाहुण्याला करायची शिक्षा कोरलेली: तीन पेले एकदम पी, गाणं म्हण, असल्या. मूळ फासा वाळवताना जळून गेला, आता प्रतिकृती बघायला मिळते. दिवे लागले की मंडपांची प्रतिबिंबं पाण्यात अशी स्थिर दिसतात की वर कुठलं आणि खाली कुठलं कळत नाही. दिवसाची बस तोवर बुसानला पोचलेली असते. रात्र राहा म्हणते ते यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बुलगुकसा हे मंदिर आणि सोक्कुराम ही बुद्धाची गुहा. दोन्ही किम देसोंग या मंत्र्याने ७५१च्या सुमाराला सुरू केली. या जन्मीच्या आईवडिलांसाठी बुलगुकसा आणि मागच्या जन्मीच्या आईवडिलांसाठी सोक्कुराम, अशी कथा आहे. बुलगुकसाच्या अंगणात दोन स्तूप आहेत. साधा तो सोक्गाथाप, नक्षीचा तो दाबोथाप. दहा वोनच्या नाण्यावर दाबोथापच आहे, नाणं हातात धरून ताडून बघा.

सोक्कुरामला मंदिरापासून १२ नंबरची बस जाते. पायवाटही आहे, तासाभराची चढण. वर काय आहे ते सांगते, कारण फलक वाचल्यावरही पटकन ध्यानात येत नाही. आपल्या वेरूळला डोंगर कोरून लेणं काढलं. इथला ग्रॅनाइट तसा कोरू देत नाही. म्हणून त्यांनी दगडाचे शेकडो तुकडे घडवले, ते जुळवून घुमट उभा केला, आणि वरून माती घालून त्याची गुहा केली. आत साडेतीन मीटरच्या आसपासचा बुद्ध, भूमिस्पर्श मुद्रेत, पूर्वेच्या समुद्राकडे तोंड करून बसलाय. १९१३ ते १५च्या दुरुस्तीत जपानी अभियंत्यांनी बाहेरून काँक्रीट घातलं आणि आत ओल धरू लागली. तो त्रास अजून पुरता सुटलेला नाही, म्हणून आता काचेआडून दर्शन. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. मी पहिल्यांदा सहलीच्या बसने गेले तेव्हा आम्हाला वीस मिनिटं दिली होती, आणि त्यातली निम्मी रांगेत गेली. दुसऱ्या वेळी एकटी गेले. ग्रॅनाइट हा भरड दाण्यांचा, हट्टी दगड. त्यातून त्या पातळ वस्त्राची चुणी खांद्यावरून उतरलेली बघत मी किती वेळ उभी होते, ठाऊक नाही.

उरलेल्या एका दुपारी गिम्हेला जाऊन या. बुसानच्या सासांगहून छोटी मेट्रो आहे, सुरो राजाच्या समाधीच्या नावाचंच स्टेशन आहे. तेराव्या शतकातल्या 'सामगुक युसा' या ग्रंथात सुरोची राणी हो ह्वांगओक 'आयुता' देशाहून समुद्रमार्गे आली अशी कथा आहे. आयुता म्हणजे अयोध्या, असं पुष्कळ जण मानतात. तिचीही समाधी तिथे आहे. इतिहास म्हणून याला पुरावा नाही, पण समाधीजवळच्या दगडी स्तूपाचे दगड तिच्या जहाजातून आले असं तिथली माणसं आजही सांगतात. परक्या मुलखात आलेल्या त्या मुलीची आठवण इतकी शतकं जपली, याचं मला अप्रूप वाटतं.

जेजू बेटावर परिषद आहे, चुंगमुनच्या केंद्रात. गुडघे दुखतात. हाल्लासान चढावा का? – एक निवृत्त अभियंता

हाल्लासान १९४७ मीटरचा, माथ्यापर्यंत जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो आणि आधी नोंदणी लागते. गुडघ्यांना तो ताण देऊ नका. परिषद केंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर जुसांगजोल्लीचा किनारा आहे. लाव्हा समुद्राला भिडून थंड होताना आकसला, तडकला, आणि त्याचे बहुतेक षट्कोनी खांब उभे राहिले. भरतीला पाणी त्या खांबांमध्ये घुसतं आणि फुटतं. ही ओल्ले, म्हणजे बेटावर आखलेल्या पायवाटांपैकी आठव्या क्रमांकाची वाट. झाडांना बांधलेल्या निळ्या-केशरी फिती बघत चालायचं, झेपेल तिथून मागे फिरायचं.

सोंगसान इल्छुलबोंग बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी उथळ समुद्रात झालेल्या उद्रेकाने राखेचा हा कडा उभा केला. उंची १८२ मीटर, पायऱ्या पुष्कळ. वर नाही गेलात तरी पायथ्याच्या खाडीत हेन्यो दिसतात, ऑक्सिजनच्या नळकांडीशिवाय बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या बायका. बहुतेक जणी साठीच्या पुढच्या. पाण्यावर आल्या की कोंडलेला श्वास शीळ घातल्यासारखा सोडतात, त्याला 'सुंबिसोरी' म्हणतात. वारा पडलेला असेल तर ती शीळ किनाऱ्यावर स्पष्ट ऐकू येते. फोटो काढण्याआधी विचारा, त्या कामावर असतात.

आम्ही पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. सहलीच्या जेवणाचं काय करायचं? – दोन बहिणी

सहलीच्या जेवणावर भिस्त ठेवू नका. किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाजीत, बहुधा खारवलेल्या माशाचा रस असतो, सुपाचं पाणी सुक्या माशांचं. बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मागवताना 'गोगी प्पे जुसेयो' म्हणजे मांस काढून द्या, 'केरान प्पे जुसेयो' म्हणजे अंडं काढून द्या, हे पाठ करा.

तुम्हाला खरं जेवण मिळेल ते बौद्ध मठात. तिथे मांस-मासे नाहीतच, कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या भाज्याही वर्ज्य. मठात मुक्काम करण्याची 'टेम्पलस्टे' ही सोय २००२च्या फुटबॉल विश्वचषकापासून आहे, आधी नोंदणी करून एक रात्र जरूर राहा. मठातल्या पारंपरिक जेवणात चार वाडगी असतात. ताटात घेतलेलं टाकायचं नाही. शेवटी मुळ्याच्या लोणच्याच्या फोडीने वाडगी पुसायची, ती फोड खायची आणि धुतलेलं पाणी पिऊन टाकायचं. तेव्हा पहिल्यांदा वाढून घेताना हात जरा आखडता ठेवा.