आलेलं पत्र पुढे पाठवण्याआधी

प्रिय पोरी,

तालुक्याची गटशिक्षणाधिकारी म्हणून हजर झालीस हे तुझ्या आईकडून कळलं आणि खरंच भरून आलं. चौथीत रोज सकाळी फळ्यावर तारीख लिहायला सगळ्यात आधी तूच धावायचीस. परवा फोनवर म्हणालीस, बाई, दिवसभर नुसते मेसेज, संचालनालयाचं पत्र, राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेचं म्हणजे एससीईआरटीचं पत्र, समग्र शिक्षा योजनेची लिंक, झेडपीची व्हिडिओ मीटिंग, आधी कशाला हात लावू तेच कळत नाही. तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितेय. आधी विस्तार अधिकारी आणि शेवटची काही वर्षं तुझ्यासारख्याच खुर्चीत काढली, त्यामुळे हे सगळं अंगावरून गेलंय.

माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगते. जुलै महिना, दुपारी साडेबाराला वरून मेसेज आला, अत्यंत तातडीचे, आजच ३ वाजेपर्यंत सोबतच्या नमुन्यात माहिती सादर करावी. मी पीडीएफ उघडलीसुद्धा नाही, काही शाळांचा गट सांभाळणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर टाकली, त्यांनी मुख्याध्यापकांच्या ग्रुपवर टाकली, दहा मिनिटांत तालुक्यातल्या सगळ्या शाळांना मेसेज गेला आणि मला वाटलं काम झालं. दुसऱ्या दिवशी एका वस्तीवरच्या दोनशिक्षकी शाळेत भेटीला गेले, तर कळलं की आदल्या दिवशी एक गुरुजी रजेवर होते आणि दुसरे तो नमुना भरायला मोबाईल घेऊन वरच्या टेकाडावर गेलेले, कारण शाळेत रेंज नाही. दीड तास पहिली ते चौथीची सगळी पोरं एका खोलीत नुसती बसून होती. दुसरीतली एक मुलगी मला म्हणाली, गुरुजी रेंजला गेले होते. आणि माहिती काय मागितली होती, तर मुलींचं स्वच्छतागृह आहे का, पाण्याची सोय आहे का, वर्गखोल्या किती. हे सगळं यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाईन माहितीसाठ्यात, आधीच भरलेलं होतं, माझ्याच ऑफिसात डाटा ऑपरेटरला सांगितलं असतं तर अर्ध्या तासात सगळ्या शाळांचं निघालं असतं. त्या मुलीचं ते वाक्य मी अजून विसरले नाहीये.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं धरलंय, म्हणजे दिवसाला चार तास. त्यातला दीड तास मी एका बोटाने घालवला, तोही एका शाळेतला मला दिसला म्हणून कळलं, बाकीच्या शाळांत काय झालं असेल ते मोजलंच नाही कुणी. म्हणून सांगते, कुठलंही पत्र आलं की आधी स्वतः पूर्ण वाच, जोडपत्रासकट, मग यातलं आपल्याकडे काय आहे ते बघ आणि जे खरोखर शाळेशिवाय मिळणार नाही तेवढंच शाळेला विचार. पाच मिनिटं उशीर झाला तर झाला.

आता वाचायचं कसं. ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विश्वास ठेवू नकोस. शासन निर्णय असेल तर शेवटी अठरा आकडी संगणक सांकेतांक असतो, तो शासनाच्या साईटवर टाकून बघ. पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, आणि शेवटचे दोन विभागाचे, आपल्या शालेय शिक्षणचे २१, ग्रामविकासचे २०. हे एकदा डोक्यात बसलं की नुसता आकडा बघून कळतं कुणाचा आदेश आहे आणि किती जुना आहे. झेडपी शिक्षकांच्या बदल्यांचे आदेश ग्रामविकासकडून येतात, संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, शालेय शिक्षणकडून, आणि शिक्षक दोन्हींचे प्रश्न तुलाच विचारणार आहेत. मग वरची संदर्भांची यादी बघ, त्यातला जुना शासन निर्णय अधिक्रमित केलाय, म्हणजे त्याची जागा नव्याने घेतलीय, की त्यात नुसती सुधारणा केलीय हे शोध. बरीच भांडणं इथंच होतात. संचमान्यतेचा २८ ऑगस्ट २०१५ चा निर्णय आणि १५ मार्च २०२४ चा निर्णय शेजारी शेजारी ठेवून एकदा शांतपणे वाच, म्हणजे कमी पटाच्या शाळांचे शिक्षक इतके अस्वस्थ का आहेत ते तुझं तुला समजेल, मला सांगावं लागणार नाही. आणि शुद्धिपत्रक हा शब्द दिसला की थांबायचंच, एखादा शब्द बदललेला असतो आणि कुणाचं तरी पद त्या शब्दावर असतं.

आदेश बदलतात, आणि पटापट बदलतात, याची सवय ठेव. तिसऱ्या भाषेचं बघ ना, १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी अनिवार्य, १७ जूनला सुधारित निर्णय, सर्वसाधारणपणे हिंदी पण वर्गात २० मुलांनी मागितली तर दुसरी भारतीय भाषा, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमायचं जाहीर झालं. अडीच महिन्यांत तीन वेगवेगळी उत्तरं, आणि मधेच शाळा सुरू झालेली. खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या आरटीईच्या २५ टक्के प्रवेशांचं तर मला जास्त लागलं, कारण तिथं गरीब पालक होते. ९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना आली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या प्रवेशातून सूट, मे महिन्यात हायकोर्टाची स्थगिती, पालकांनी पुन्हा नव्याने अर्ज भरले आणि १९ जुलैला कोर्टाने ती अधिसूचनाच रद्द केली. रोजगार बुडवून खेटे घालणाऱ्या आईला हा सगळा क्रम कुणीतरी मराठीत, साध्या शब्दांत सांगायला हवा होता, आणि तालुक्यात ते कुणीतरी म्हणजे तूच.

म्हणून मी शेवटी शेवटी एक पद्धत पाडली होती. मूळ पत्र जायचंच, पण त्याच्या वर माझ्या चार ओळी, कोणत्या शाळांना लागू आहे, नेमकं काय करायचं, कधीपर्यंत, आणि अडचण आली तर कुणाला फोन करायचा. खाली तारीख टाकून लिहायचे, आज ही स्थिती आहे, बदल झाला तर मीच कळवेन. काही करायचं नसेल तर तसं स्पष्ट लिहायचे, फक्त माहितीसाठी, शाळेने काही पाठवू नये. हे वाक्य फार महत्त्वाचं आहे गं, कारण शिक्षक घाबरून ‘काही नाही’ असा निरंक अहवालसुद्धा पाठवत बसतात. आणि शाळेच्या वेळेत ग्रुपवर काही टाकायचं नाही, साडेचारनंतर एकदाच, खरी आणीबाणी सोडून. पाऊस, पूर, पोषण आहारातून काही त्रास झाला, ही आणीबाणी. एक्सेल शीट ही आणीबाणी नव्हे.

तुला दोन-तीन मालक आहेत हेही लक्षात घे. प्रशासन पंचायत समितीचं, वर झेडपीचे शिक्षणाधिकारी आणि सीईओ, आणि शैक्षणिक सूचना पुण्यातून डाएट या जिल्हा प्रशिक्षण संस्थेमार्फत. एकाच आठवड्यात डाएटचं प्रशिक्षण, बीएलओची म्हणजे मतदार यादीच्या कामाची मीटिंग आणि केंद्रप्रमुखांची शिक्षण परिषद एकाच दिवशी येतात आणि गुरुजी एकच असतात. अशा वेळी शाळेने ठरवावं असं सोडून देऊ नकोस, तू वर फोन कर. आरटीईचं कलम २७ पाठ ठेव, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षक लावता येत नाहीत. आवाज चढवू नकोस, नम्रपणे लेखी दे. किती शाळा एकशिक्षकी आहेत, त्या दिवशी किती बंद राहतील, आकड्यांसकट. मी असं पहिल्यांदा लिहिलं तेव्हा हात थरथरत होता, पण प्रशिक्षण दोन गटांत झालं आणि एकही शाळा बंद राहिली नाही. वरची माणसंही आपल्यासारखीच मेसेजच्या ओझ्याखाली असतात, त्यांना तालुका दिसत नाही, दाखवावा लागतो.

केंद्रप्रमुखांना जप. १९९४ मध्ये हे पद आलं ते शाळाशाळांत जाऊन शिक्षकांना मदत करायला, आणि आपण त्यांना आकडे गोळा करायला बसवलं. महिन्यातून निदान एकदा त्यांच्याशी नुसतं शिकवण्याबद्दल बोल, एकही रकाना न काढता.

आता सप्टेंबर येतोय म्हणून एक काम लगेच सांगते. यूडायसची संदर्भ तारीख ३० सप्टेंबर, ऑनलाईनची घाई सुरू होईल आणि सगळे टक्केवारीच्या मागे लागतील. तू मात्र ड्रॉपबॉक्समधली नावं उघड, म्हणजे ज्या मुलांची नोंद जुन्या शाळेतून निघाली पण नव्या कुठल्याच शाळेत आली नाही ती. तुझ्या तालुक्यातून ऊसतोडीला माणसं जातात, दिवाळीच्या आसपास गाड्या निघतील, त्याआधी ही यादी केंद्रनिहाय कर आणि केंद्रप्रमुखांना घेऊन एकेक नाव विचार, हा कुठाय, ही कुठाय. जी मुलं जाणारच आहेत त्यांना जिथं जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड हातात दे, जी आजीजवळ थांबू शकतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठव, तो उशिरा गेला की मंजुरी येईपर्यंत मुलं गेलेली असतात, हे मी दोन वर्षं बघितलंय.

यादी निघाली की मला किती नावं आहेत ते कळव. मी मोकळीच असते, पहिल्या दिवशी तुझ्यासोबत वस्त्यांवर फिरायला येईन.

तुझी,
बाई