दारात उभी असलेली ती दोन पोरं

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण 2011 च्या हिवाळ्यात अमेरिकेत युटामध्ये राहायला आल्यावर मलाही हेच कोडं पडलं होतं. तुम्ही ॲरिझोनातल्या मेसाला नव्याने राहायला गेलात, दर शनिवारी पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी लावलेली दोन पोरं बेल वाजवतात, दोघांचंही नाव ‘एल्डर’ कसं, ही दिवसभर करतात काय, जेवतात कुठे आणि एकदा घरी जेवायला बोलावलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: बोलवा, पण काही गोष्टी सांभाळून. आता बाकीचं.

ही पोरं म्हणजे मॉर्मन चर्चचे तरुण धर्मप्रचारक, धर्मप्रसाराच्या कामावर, म्हणजे ‘मिशन’वर निघालेले. एल्डर हे नाव नाही, पदवी आहे. मिशनवर असताना पहिलं नाव कुणी वापरत नाही, मुलगे ‘एल्डर अमुक’ आणि मुली ‘सिस्टर तमुक’, अगदी एकमेकांशी बोलतानासुद्धा. एल्डर म्हणजे वडीलधारा. धड मिसरूडही न फुटलेल्या पोराला तसं म्हणताना माझी जीभ अजून अडखळते. ‘मॉर्मन’ हा शब्दही 2018 पासून त्यांना फारसा चालत नाही. त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी चर्चचं पूर्ण लांबलचक नाव घ्या असा आग्रह धरला. पण सवयीचा शब्द तुमच्या तोंडून निघाला म्हणून कुणी रागावणार नाही.

मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. 2012 साली वयाची अट खाली आली, मुलांची 19 वरून 18 आणि मुलींची 21 वरून 19. त्यानंतर आमच्या गल्लीतली पोरंपोरी हायस्कूल संपल्या संपल्या गायब व्हायला लागली. पगार काही नाही, उलट स्वतः साठवलेले किंवा घरच्यांचे काही शे डॉलर दरमहा भरायचे. कुठे जायचं हे आपण ठरवायचं नाही. अर्ज करायचा आणि सॉल्ट लेक सिटीहून, म्हणजे चर्चच्या मुख्यालयातून, पत्र येण्याची वाट बघायची. पूर्वी जाडजूड लिफाफा यायचा, आता ते सगळं ऑनलाइन.

माझ्या शेजारणीच्या थोरल्याचं पत्र उघडलं तेव्हा आम्हीही होतो. दिवाणखान्यात तीस-पस्तीस माणसं, भिंतीवर जगाचा नकाशा, ज्याने त्याने आपला अंदाज म्हणून टाचणी टोचलेली. मी ब्राझीलवर टोचली होती. शाळेत तीन वर्षं स्पॅनिश शिकलेल्या त्या पोराला मिळालं फिलिपिन्स. तो फोनवरची अक्षरं मोठ्याने वाचत होता आणि त्या नावाशी थबकला, तेवढंच. मग आरडाओरडा, मिठ्या, रडारड. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी येऊन मला विचारतो, “आंबा चिरायचा कसा?” मी म्हटलं, चिरू नकोस बाळा, चोखून खा.

त्यांना भाषा शिकवायला इथे युटातच, प्रोव्होला, मोठं केंद्र आहे. दीड-दोन महिन्यांत टागालोग, म्हणजे फिलिपिन्सची भाषा, येते म्हणे! मला खोटं वाटलं होतं. पण पुढे दिवसभर दुसरं काही बोलायलाच मिळत नाही, म्हणून येते. आज आमच्या गावात अस्खलित पोर्तुगीज बोलणारा प्लंबर भेटतो, त्यामागे हेच.

दिवसाचं म्हणाल तर ढोबळमानाने असा: साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग वाचन-अभ्यास आणि नंतर बाहेर. दारोदार फिरणं आता पूर्वीपेक्षा बरंच कमी झालंय, फोनवरून आणि फेसबुकवरून ओळखी काढतात. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत खोलीवर परत, उद्याचं नियोजन, साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, पोहायला जायचं नाही, प्रेमप्रकरण तर नाहीच. आठवड्यातला एक दिवस थोडा मोकळा, त्याला ते ‘पी-डे’ म्हणतात. सुट्टीचा दिवस असं ऐकलं होतं, प्रत्यक्षात त्यात कपडे धुणं, किराणा, केस कापणं आणि घरी पत्रं लिहिणं. फिलिपिन्समधल्या पोराचा पी-डे सोमवारी, म्हणजे आमच्याकडे रविवारची संध्याकाळ. त्या वेळी शेजारीण कुणाचाच फोन उचलायची नाही, कारण त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. ही सवलतही 2019 पासूनची. त्याआधी वर्षात दोनदाच घरी फोन: नाताळ आणि मातृदिन. पलीकडच्या घरातली बाई 2014 च्या मातृदिनाला सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसली होती, चर्चलासुद्धा गेली नाही.

पण मिशनवर सगळ्यात अवघड काय, असं लोक विचारतात तेव्हा त्यांना वाटतं, तोंडावर दार आपटतात हेच असणार. मी इतक्या वर्षांत जितक्यांना विचारलं, त्यातल्या बहुतेकांनी जोडीदाराचं नाव काढलं. मिशनवर एकटं राहायचंच नाही. न्हाणीघर सोडलं तर चोवीस तास दुसरा माणूस नजरेच्या टप्प्यात हवा, आणि तो तुम्ही निवडलेला नसतो. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, त्यात जोडीदार बदलतो, कधी गाव बदलतं, कधी दोन्ही. शेजारणीच्या पोराला दुसरा जोडीदार असा मिळाला, की तो जेवताना अवाक्षर काढायचा नाही आणि झोपेत मात्र बडबडायचा. भांडण झालं म्हणून फेरफटका मारून यावं, तर फेरफटक्यालाही तोच बरोबर! सहा आठवडे संपायच्या सुमारास त्यांची गट्टी जमली, तेवढ्यात बदलीचा फोन आला. आपण संसारात निदान रुसून माहेरी तरी जाऊ शकतो.

दोन वर्षं पुरी न करता परतणारेही असतात, आजारपणाने, मन खचल्याने, किंवा विश्वासच उडाल्याने. त्यांच्याशी काही घरांत जे वागतात ते मला अजिबात आवडलेलं नाही. विमानतळावर फुगे-फलक घेऊन दीडशे माणसं गोळा होतात ती दोन वर्षं पुरी करून येणाऱ्यासाठी. पाचव्या महिन्यात परत आलेल्या मुलाला न्यायला बाप एकटा गेलेला मी पाहिलाय.

आता जेवणाचं, तुमचा खरा प्रश्न. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे ना, सोमवार अमक्यांकडे, मंगळवार तमक्यांकडे? अगदी तसंच. त्यांच्या स्थानिक मंडळीत, म्हणजे ‘वॉर्डा’त, एक यादी फिरते आणि ज्याला जमेल तो आपलं नाव घालतो. ज्या दिवशी कुणाचं नाव नसतं त्या दिवशी खोलीवर सिरियल किंवा रॅमेन नूडल्स. त्यामुळे तुम्ही बोलावलंत तर नाही म्हणणार नाहीत. महिन्याचा पहिला रविवार मात्र टाळा, तो त्यांच्या उपासाचा, आणि त्यांचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी नव्हे. पाणीसुद्धा नाही.

चहा देऊ नका. मी दिला होता. पहिल्याच जानेवारीत मी फावडं घेऊन बर्फाशी झटत होते, तेव्हा अशाच दोघांनी येऊन माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि वीस मिनिटांत सगळा ड्राइव्हवे मोकळा करून दिला. मी आलं किसून घातलेला चहा दोन स्टीलच्या पेल्यांत घेऊन बाहेर आले. दोघांनी पेल्यांकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य, हे मला कुठे ठाऊक! एकाने अत्यंत अजिजीने सांगितलं. मी आत जाऊन हळदीचं दूध करून आणलं. ते मात्र प्यायले, आणि ओठांवर पिवळ्या मिशा घेऊन पुढच्या घरी गेले.

त्याच दिवशी आणखी एक झालं. मी म्हटलं, थंडीत कशाला उभे राहता, आत या. तर येईनात. मला वाटलं, माझ्या घरात देवघर दिसतं म्हणून, आणि मनातून जरा रागही आला. नंतर कळलं, नियमच आहे: घरात बाई एकटी असेल तर एल्डरांनी आत पाऊल ठेवायचं नाही. तेव्हा नवरा घरी असेल असाच वार ठरवा. सिस्टर असतील तर उलट, तुम्ही घरी हव्यात.

जेवण झाल्यावर ते त्यांच्या धर्मग्रंथातला एखादा छोटा उतारा वाचू का, प्रार्थना करू का, असं विचारतील. तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. मला धर्मप्रसार हा प्रकार मुळातच पटत नाही आणि ते मी त्यांना हसत हसत सांगितलंय. आम्ही प्रार्थनेला हो म्हणतो, पुस्तकाला नको. ते ऐकतात. आमच्या घरी जेवून गेलेल्यांपैकी कुणीही पुन्हा तो विषय रेटला नाही.

मात्र एक कळकळीने सांगते, कारण हा घोळ आपल्याच लोकांकडून होतो. नको असेल तर स्पष्ट नको म्हणा. आपण मराठी माणसं भिडस्त, दारातल्याला ‘नको’ म्हणवत नाही, म्हणून म्हणतो, “आज जरा गडबड आहे, या परत कधीतरी.” आपल्या भाषेत याचा अर्थ ‘येऊ नका’. त्यांच्या भाषेत तो ‘या’ असाच होतो. ते फोन काढून नोंद करतात आणि खरंच येतात. तुमच्याकडे दर शनिवारी येतात म्हणालात, त्यामागे असाच एखादा ‘कधीतरी’ असणार! मी असं चार वेळा परतवलं होतं. पाचव्यांदा बदली होऊन आलेली नवीनच जोडी दारात, आधीच्यांच्या नोंदीत माझं नाव ‘उत्सुक’ म्हणून.

आपल्याकडे हे नवीन आहे असंही समजू नका. 1852 साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला गेला. तिथे त्याला काही फार यश मिळालं नाही. हे मी एका एल्डरला सांगितलं तर त्याला पुण्याचा उच्चारच करता येईना, शेवटी वहीत लिहून घेतला.

तर बेत असा करा: वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळ्या, तूप भरपूर. तिखट निम्म्यावर आणा, लोणचं लांब ठेवा, गोड काहीही चालतं, श्रीखंड तर वाटी चाटून. भात जास्त लावा, अंदाजापेक्षा दुप्पट. तासाभरात उठतील. निघताना “तुमचं काही काम आहे का?” असं विचारतील. तिथे भिडेखातर “छे छे, काही नाही” म्हणू नका, खरोखर काम सांगा. आमचा तळघरातला जुना सोफा असाच वर आला.