तीन अंदाज घेतल्यावर पुन्हा सिम्युलेशन कशाला?

तुमचा प्रश्न असा: प्रत्येक कामाला कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त किती दिवस लागतील हे घेऊन पर्ट या नियोजन पद्धतीच्या सूत्राने तारीख काढता येते, मग मॉन्टे कार्लोचा, म्हणजे यादृच्छिक आकडे घेऊन वेळापत्रक पुन्हा पुन्हा सोडवण्याच्या सिम्युलेशनचा, खटाटोप कशासाठी? मी बांधकामाची वेळापत्रकं करतो. माझ्या मते, जिथे दोन-तीन कामं एकाच टप्प्याला येऊन मिळतात, तिथे पर्टवर विसंबूच नये.

इमारतीचा ताबा देण्याआधीचा टप्पा घ्या. लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, वीजजोडणी ही तिन्ही कामं समांतर चालतात आणि तिन्ही संपल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सोयीसाठी तिघांचे अंदाज सारखेच धरू: 30, 40 आणि 80 दिवस. पर्टचं उत्तर (30 + 4 × 40 + 80) ÷ 6 = 45. त्रिकोणी वितरण धरलं (शक्यता 30 पासून 40 पर्यंत सरळ चढते आणि 80 पर्यंत सरळ उतरते), तर एक काम 45 दिवसांत संपण्याची शक्यता जेमतेम 39 टक्के, आणि ‘बहुधा 40’ म्हणतो त्या 40 दिवसांत फक्त 20 टक्के! तिन्ही कामं 45 दिवसांत संपण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आत येते. 60 दिवस दिले तर प्रत्येक काम 80 टक्के खात्रीचं, पण तिन्ही मिळून 51 टक्केच.

पर्ट 1958 साली अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी तयार झालं. ते एकच क्रिटिकल पाथ, म्हणजे शेवटची तारीख ठरवणारी कामांची सर्वांत लांब साखळी, पकडून बेरीज करतं. शेजारचा पाथ मागे पडून तोच क्रिटिकल होऊ शकतो, हे त्यात येत नाही. 1963 मध्ये रिचर्ड व्हॅन स्लाइक यांनी पर्टच्या जाळ्यावर मॉन्टे कार्लो चालवून दाखवलं. हजारो वेळा वेळापत्रक सोडवायचं, दर वेळी प्रत्येक कामाचे दिवस वितरणातून उचलायचे आणि कोणतं काम किती वेळा क्रिटिकल ठरलं ते मोजायचं. मला तारखेपेक्षा हा आकडा जास्त मोलाचा वाटतो, कारण माणसं आणि पैसा आधी कुठे लावायचा हे तोच सांगतो.

वर मी तिन्ही कामं एकमेकांपासून स्वतंत्र धरली. साइटवर तसं क्वचितच असतं. पाऊस लांबला किंवा मजूर गावी गेले, की सगळीच कामं एकदम रखडतात. म्हणून कामांमधला सहसंबंध मॉडेलमध्ये घालाच. तो वगळलात, तर एकामागोमाग येणाऱ्या कामांत एकाचा उशीर दुसऱ्याच्या बचतीत जिरल्यासारखा दिसतो आणि जोखीम कागदावर कमी भासते.

सुरुवातीला एक्सेल पुरतं. पण आधी वेळापत्रक साफ करा: कोणत्या कामानंतर कोणतं हे सांगणाऱ्या तुटलेल्या लिंक जोडा आणि हाताने ठोकून बसवलेल्या तारखा काढा, नाहीतर उशीर पुढे सरकतच नाही. अंदाज घेताना सुपरवायझरला वाईटात वाईट आकडा आधी विचारा. ‘बहुधा’ आधी विचारलं, की बाकीचे दोन आकडे त्याच्याच आसपास घुटमळतात. निकाल आल्यावर टीमला 50 टक्के खात्रीची तारीख द्या आणि ग्राहकाला 80 टक्के खात्रीची. मधले दिवस राखीव म्हणून वेळापत्रकात उघड दाखवा, कुठल्या कामाच्या पोटात लपवू नका.