मुलाचा गुडघा दुखतोय, आणि तुम्ही क्लब मोजताय

प्रश्न : मुलगा साडेसोळा वर्षांचा, अकरावी कॉमर्सला आहे. दहावीला ७४ टक्के. पेठेतल्या संघातून स्ट्रायकर खेळतो. कॅमेरूनचा फुटबॉलपटू सॅम्युएल एटो आमचा आदर्श. तोही सोळाव्या वर्षी युरोपात गेला आणि पुढे १३ क्लबांकडून खेळला. एक एजंट पोर्तुगालला ट्रायल आणि लगेच करार करून देतो म्हणतोय, १२ लाख मागतोय. उसाच्या रानातले ६ गुंठे विकायची तयारी आहे. मी रोज पहाटे साडेचारला त्याला उठवतो. मॅच हरली की दोन दिवस त्याच्याशी बोलत नाही, त्याशिवाय लाज वाटत नाही पोरांना. कॉलेज सोडवावं का? सध्या गुडघा दुखतो, पण मॅचआधी गोळी दिली की खेळतो.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. बाकीचं नंतर बोलू, आधी ती गोळी बंद करा.

वाढीच्या वयात खूप खेळणाऱ्या मुलांचे गुडघे दुखतात. पुष्कळदा ते हाडावर आलेल्या ताणामुळे असतं आणि विश्रांतीने बरं होतं. कधीकधी मात्र आत लिगामेंटला किंवा कूर्चेला इजा झालेली असते. तुमच्या मुलाचं यातलं काय आहे, हे हाडांचे डॉक्टर तपासूनच सांगतील. गोळीने दुखणं कळेनासं होतं, इजा तिथेच राहते आणि मुलगा त्याच पायावर नव्वद मिनिटं धावतो. याच आठवड्यात त्याला ऑर्थोपेडिककडे न्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत सराव नाही, मॅच नाही, पेठेची फायनल असली तरी नाही.

तुमच्या पत्रात मुलाचं एकही वाक्य नाही. तुम्ही उठवता, तो उठतो. तुम्ही गोळी देता, तो घेतो. हरला की तुम्ही अबोला धरता आणि तो गप्प बसतो. ज्या मुलाचं घरी बोलणं जिंकण्या-हरण्यावर ठरतं, तो ‘बाबा, आज फार दुखतंय’ हे कधी सांगणार? आणि घरात जे सांगायची भीती वाटते, ते परक्या देशात, परक्या भाषेत तो कुणापाशी सांगेल? कोल्हापुरात फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं मी ओळखते, तुमची माया खोटी नाही. पण या अबोल्याने मुलगा चांगला खेळत नाही, घाबरून खेळतो.

आता एटो. क्लब तुम्ही बरोबर मोजलेत, पण तो प्रवास नीट पाहा. कॅमेरूनमधल्या दुआला शहरातल्या काजी अकादमीतून तो १९९७ साली स्पेनच्या रिआल माद्रिदकडे गेला. तिथे त्याला जेमतेम काही सामने मिळाले. मग क्लबाने त्याला लेगानेस क्लबाला उसना दिला, एस्पान्योलला उसना दिला. सूर सापडला तो मायोर्का या लहान क्लबात, २००० नंतर. बार्सिलोनाने त्याला २००४ मध्ये घेतलं आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या २००६ व २००९ अशा दोन्ही फायनलमध्ये त्याने गोल केले. तरी २००९ च्याच उन्हाळ्यात त्यांनी त्याला इंटर मिलानला देऊन टाकलं. तिथे हा जगातला अव्वल स्ट्रायकर कडेला खेळला, बचावाला मागे धावला, आणि २०१० मध्ये पुन्हा चॅम्पियन्स लीग जिंकला. मग रशियातल्या दागेस्तानमधला आंझी क्लब. तिथले खेळाडू राहायचे मॉस्कोत आणि घरच्या मैदानावरच्या मॅचला विमानाने जायचे. २०१३ मध्ये मालकाने अचानक हात आखडता घेतला, की एटो निघाला चेल्सीला. पुढे एव्हर्टन, सॅम्पडोरिया, तुर्कस्तानातले दोन क्लब, शेवटी कतार. तुम्हाला हे १३ क्लब म्हणजे १३ पदकं वाटतात. मला त्यात १२ वेळा उचललेलं बिऱ्हाड दिसतं, आणि त्यातल्या कितीतरी वेळा निर्णय दुसऱ्याचा. हे सोसायला खेळाइतकंच कणखर मन लागतं, आणि ते मन धाकात तयार होत नाही.

‘सोळाव्या वर्षी करार’ हा तुमचा मोठा गैरसमज आहे आणि एजंट नेमक्या त्यावरच पैसे मागतोय. एटो गेला तेव्हाचे नियम वेगळे होते. २००१ पासून फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, १८ वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी करण्यावर बंदी घातली आहे. अपवाद मोजके आहेत, त्यातले मुख्य हे: आईवडील फुटबॉल सोडून इतर कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर, किंवा १६ ते १८ वयाचा मुलगा युरोपीय संघातल्याच एका देशातून दुसऱ्या देशात जात असेल तर. कोल्हापूरचा मुलगा यात बसत नाही. हा नियम मोडला म्हणून २०१४ मध्ये खुद्द बार्सिलोनावर कारवाई झाली आणि पुढच्या वर्षी त्यांना नवे खेळाडू नोंदवता आले नाहीत. मग तुमचा एजंट कुठला करार करून देणार आहे? पश्चिम आफ्रिकेतल्या शेकडो घरांनी अशाच आश्वासनांवर जमिनी विकल्या, दागिने मोडले आणि पोरं पॅरिसच्या रस्त्यावर उघडी पडली. त्यांना आधार द्यायला ज्यां-क्लोद म्बवूमँ या कॅमेरूनच्याच माजी खेळाडूला २००० साली ‘फूट सॉलिडेर’ ही संस्था काढावी लागली. परवानाधारक एजंटांची नावं फिफाच्या संकेतस्थळावर आहेत, त्यात या माणसाचं नाव शोधा. आणि बापाकडून आगाऊ १२ लाख मागणाऱ्याला एक गुंठाही देऊ नका.

एटोचीच आणखी एक गोष्ट. २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या कोर्टात त्याने करचुकवेगिरी कबूल केली आणि त्याला २२ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. ज्या एजंटला आपण वडिलांच्या जागी मानत होतो, त्याने सांगितलं तसं करत गेलो, असं त्याचं म्हणणं होतं. तुमचा मुलगा कॉमर्सला आहे. करार, कर, हिशेब यातलं काहीतरी त्याला कळेल, म्हणून कॉलेज सोडवू नका.

इथल्या वाटा तुम्हाला ठाऊक आहेत: जिल्हा, राज्य, आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लबांचे युवा संघ, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा किती दिवस दुखतंय, कुठे दुखतंय, हे मुलाला सांगू द्या. तुम्ही खोलीबाहेर थांबलात तरी चालेल. आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या, तुम्ही वाचायला न मागता.